एलिझाबेथ कॉटन यांचे गिटारवादन : श्रवणपाठ प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

गिटार शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन कृष्णवर्णीय गिटारवादक आणि गीतकार एलिझाबेथ कॉटन यांच्यावर एक श्रवणपाठ आणि त्याच्या जोडीला त्यांच्या निवडक रचनांचे टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे रेघांवर दाखवणारे लेखन), असे या प्रकल्पाचे स्वरूप ठरले आहे. काल, ५ जानेवारीला, त्यांची जयंती होती, जन्मवर्ष १८९३. बोटांनी तारा छेडून वाजवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही महिन्यांतच 'फ्रेट ट्रेन' ही त्यांची रचना येते, आणि ती कोणाची असे विचारले तर बहुतेक जण 'जुने अमेरिकन लोकगीत' एवढेच सांगतात. हे उत्तर पूर्णपणे चुकीचे नाही, आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड आहे.

मांडणीची दिशा आजच लिहून ठेवतो. कॉटन यांच्याविषयी जे काही सांगितले जाते त्यात त्यांच्या आयुष्याची विलक्षण कथा पुढे येते आणि वादन मागे राहते. घरकाम करणारी एक बाई उतारवयात जगाला 'सापडली', ही ती कथा. माझे म्हणणे असे आहे की त्यांचे वादन कोणी शोधण्याच्या कितीतरी आधी पूर्ण घडलेले होते, आणि त्यांचा प्रभाव एवढा का टिकला हे समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिले पाहिजे. आयुष्याची हकीकत त्या अनुषंगाने येईल.

११ जानेवारी २०२५

पहिल्या भागाचा मजकूर लिहिला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावाला लागून असलेल्या वस्तीत एलिझाबेथ नेविल्स यांचा जन्म झाला. या वस्तीला आज कॅरबरो म्हणतात. ते नाव तिला १९१३ मध्ये मिळाले, म्हणजे एलिझाबेथचे बालपण संपून तिचे लग्नही झाल्यानंतर. लोहमार्गाची एक शाखा या वस्तीपर्यंत येत असे, आणि १८९८ च्या सुमारास तिथे कापडगिरणी उभी राहिली. मालगाड्यांची ये-जा हा तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग होता.

पाच भावंडांत ती धाकटी. मोठ्या भावाचा बँजो तो घरी नसताना ती हाती घेई. शाळा लवकर सुटली आणि लहान वयातच ती गोऱ्या कुटुंबांत घरकामाला लागली. महिना पाऊण डॉलर मिळे, आणि साठवलेल्या पैशांतून तिने पावणेचार डॉलरची स्टेला गिटार घेतली, असे त्या पुढे सांगत. हिशेब केला तर तो पाच महिन्यांचा संपूर्ण पगार होतो. श्रवणपाठात हा हिशेब ठेवायचा आहे, कारण 'स्वयंशिक्षित' या विशेषणामागे किती ठोस व्यवहार असतो ते त्यातून दिसते: शिक्षकाला द्यायला काहीही नव्हते, आणि वाद्यासाठी जे होते ते सगळे दिले गेले.

आपल्याकडे गुरूविना शिकलेला कलावंत म्हटला की लगेच एकलव्याचे नाव घेतले जाते. ते इथे टाळणार आहे. एकलव्याने गुरू निवडलेला होता, समोर त्याची मूर्ती होती. या मुलीसमोर घरातल्या, शेजारच्या आणि चर्चमधल्या लोकांचे गाणे-वाजवणे होते, आणि कुठली गोष्ट कोणाकडून घेतली याचा हिशेब ठेवण्याची गरज तिला किंवा इतर कोणाला वाटत नव्हती.

१८ जानेवारी २०२५

आजचा सगळा वेळ उलट्या गिटारवर गेला. प्रकल्पाचा गाभा हाच असल्यामुळे सविस्तर लिहितो.

कॉटन डावखुऱ्या होत्या. भावाचा बँजो उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी जुळवलेला होता. दुसऱ्याच्या, तेही न विचारता घेतलेल्या वाद्याच्या तारा काढून उलट लावण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून तिने वाद्यच उलटे धरले. पुढे स्वतःची गिटार घेतल्यावरही तारा होत्या तशाच ठेवल्या, कारण तोपर्यंत हात घडलेला होता. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनीही उजव्या हाताची गिटार उलटी धरली, परंतु त्यांनी तारा नव्याने लावून घेतल्या, त्यामुळे त्यांच्या बोटांच्या दृष्टीने वाद्य सरळच राहिले. कॉटन यांच्या पद्धतीला जवळचे उदाहरण ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) वाजवणाऱ्या अल्बर्ट किंग यांचे, पण ते विजेची गिटार वाजवत आणि एकेका तारेला ताण देऊन तिच्यातून गाणे काढत. खर्ज आणि सुरावट एकाच वेळी सांभाळणे हा त्यांचा प्रांत नव्हता.

नेहमीच्या पद्धतीत जाड तारा वादकाच्या चेहऱ्याच्या बाजूला असतात आणि त्या अंगठ्याच्या वाट्याला येतात. पातळ तारा जमिनीच्या बाजूला, तर्जनी आणि मध्यमेसाठी. अंगठा खर्जाचा ठेका धरतो आणि बोटे वर सुरावट वाजवतात. वाद्य उलटे धरताच ही सगळी वाटणी फिरते. पातळ तारा वर येतात आणि अंगठ्याकडे सुरावट जाते. जाड तारा खाली जातात आणि खर्जाचा ठेका तर्जनीला, कधी मध्यमेलाही, धरावा लागतो. आघाताची दिशाही बदलते. अंगठा तारेवर खालच्या दिशेने उतरतो, त्याच्यामागे मनगटाचे वजन असते, आणि त्याचे मांस रुंद असल्यामुळे नाद गोल येतो. तर्जनी तार वरच्या दिशेने, तळव्याकडे ओढते. तो आघात हलका आणि आखूड असतो.

म्हणजे ज्या बोटात सर्वाधिक बळ आहे ते सुरावटीला मिळाले. कॉटन यांच्या ध्वनिमुद्रणात सुरावट शांतपणे पुढे येते आणि खर्ज तिच्याखाली सतत चालू राहूनही दणदणत नाही, याचे निदान अर्धे कारण तरी इथे आहे. पडताळ्यासाठी ब्लूज गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांचे वादन लगोलग ऐकले. तेही आलटून-पालटून दोन खर्जतारांवर ठेका धरतात, तेही मृदू वाजवतात. तरी त्यांचा अंगठा कानाला आधी लागतो आणि सुरावट त्याच्या पाठीवर बसून येते. कॉटन यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. हा फरक श्रवणपाठात दोन्ही तुकडे शेजारी ठेवूनच दाखवावा लागेल. नुसते सांगून तो पटणार नाही.

डाव्या हाताला सवय नसताना मी गिटार उलटी धरून पाहिली. वाजवता आले नाही हे सांगायलाही नको, पण उपयोग झाला. एफसारख्या अवघड कॉर्डसाठी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) अंगठा गिटारच्या मानेवरून वळवून सर्वांत जाड तार दाबायची जी जुनी युक्ती आहे, ती इथे मुळातच बंद होते, कारण अंगठा वळवला तर हाती लागते ती सर्वांत पातळ तार. पुस्तकातली कॉर्डची एकही आकृती जशीच्या तशी चालत नाही. मग बोटे कुठे ठेवायची याचा निर्णय कानावर सोपवावा लागतो. नकाशा नसलेल्या मुलीने हे सगळे कोणाच्याही मदतीशिवाय लावून घेतले, आणि दहा-बारा वर्षांची असताना.

१९ जानेवारी २०२५

डावखुरा तबलजी डग्गा आणि तबला यांच्या जागा बदलून बसतो. बोल तेच राहतात आणि हातांची कामे आरशातल्यासारखी उलटतात. विद्यार्थ्यांना हे दृश्य ओळखीचे असल्याने पाठाच्या सुरुवातीला ते घ्यावे आणि लगेच सांगावे की कॉटन यांना ही अदलाबदल करता आली नाही. त्यांनी जणू डग्ग्याचे काम तबल्याच्या हाताला दिले. एवढा एक दृष्टान्त पुरे. आणखी दिले तर मुद्दा पातळ होईल.

२६ जानेवारी २०२५

'फ्रेट ट्रेन'चा टॅब पूर्ण झाला. टॅब लिहिताना एक गंमत लक्षात आली. टॅबमध्ये सर्वांत वरची रेघ सर्वांत पातळ तारेची असते आणि नवख्या विद्यार्थ्याला ती नेहमी उलटी वाटते, कारण त्याच्या हातातल्या गिटारवर ती तार खाली असते. कॉटन यांच्या गिटारवर मात्र ती खरोखरच वर आहे. अर्थात त्यांनी कधी कागदावरून वाजवलेच नाही.

बोटांच्या खुणांसाठी स्पॅनिश आद्याक्षरांऐवजी 'अं', 'त', 'म' ही मराठी अक्षरे वापरली आहेत. प्रत्येक ओळ दोनदा दिली आहे: एकदा कॉटन यांच्या बोटांनी, आणि एकदा उजव्या हाताने सरळ वाजवणाऱ्यासाठी, मात्र दुसरीत सुरावटीवर जोर देण्याची खूण ठळक केली आहे. ती खूण नसेल तर स्वर सगळे बरोबर येऊनही वाजवलेले कॉटन यांचे वाटत नाही.

या गाण्याच्या रचनेविषयी आपल्या कानाला जवळची एक गोष्ट नोंदवतो. सी ही पट्टी षड्ज मानली तर गाण्याचा बहुतेक भाग शुद्ध स्वरांत चालतो. सी आणि जी-सेव्हन या दोन कॉर्डमध्ये तो येरझारा घालतो. मग अचानक ई ही कॉर्ड येते आणि तिच्याबरोबर कोमल धैवत. पुढच्याच कॉर्डला, एफला, तो शुद्ध धैवतावर चढतो आणि गाणे पुन्हा घरच्या वाटेला लागते. अर्ध्या स्वराची ही चढण हाच त्या चालीतला एकमेव धक्का आहे आणि तो नेमक्या जागी बसला आहे. गाण्याचा आशय मृत्यूनंतरही गाडीच्या आवाजाजवळ पुरले जावे अशा इच्छेचा आहे. तो इतक्या लहान वयातल्या मुलीने इतक्या सहज चालीत कसा बसवला, याचे आश्चर्य मला अजून वाटते. शब्द इथे उतरवून घेणार नाही. पाठात मूळ ध्वनिमुद्रण ऐकवले की पुरे.

२ फेब्रुवारी २०२५

मौनाच्या काळाविषयीचा मजकूर. १९१० मध्ये फ्रँक कॉटन यांच्याशी लग्न, मुलगी लिली, घर, दुसऱ्यांच्या घरचे काम. चर्चमधल्या मंडळींनी बजावले की देवाची सेवा करायची तर ही ऐहिक गाणी सोडली पाहिजेत. हळूहळू गिटार बाजूला पडली. चर्चमध्ये कधीमधी वाजवणे सोडले तर काही दशके त्यांनी वाद्य जवळजवळ हाती घेतले नाही.

या काळाला 'वाया गेलेली वर्षे' म्हणण्याचा मोह होतो. मी तो शब्दप्रयोग पहिल्या मसुद्यातून काढला, कारण त्या वर्षांत वाया गेले म्हणावे असे जे होते ते कष्टाचे होते आणि ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मात्र एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. उतारवयात पुन्हा गिटार हाती आल्यावर ज्या रचना बाहेर पडल्या त्यांतल्या कित्येक बालपणाच्या होत्या, आणि त्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कॅरोलायनातल्या वादनाची ठेवण घेऊन आल्या. मधल्या काळात रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि विजेची गिटार यांनी दक्षिणेतले वादन पार बदलून टाकले होते. ज्यांनी वाजवणे चालू ठेवले त्यांच्या हातांवर त्याचा परिणाम झाला. कॉटन यांच्या हातांवर तो फारसा झाला नाही.

९ फेब्रुवारी २०२५

सीगर कुटुंबाचा भाग. १९४० च्या दशकात कॉटन मुलीकडे वॉशिंग्टनला आल्या. तिथल्या एका मोठ्या दुकानात काम करत असताना हरवलेली एक लहान मुलगी त्यांनी तिच्या आईकडे पोहोचवली. मुलगी पेगी सीगर, आई रूथ क्रॉफर्ड सीगर. या ओळखीतून त्या सीगरांच्या घरी कामाला लागल्या. कुटुंबातल्या धाकट्या मुलीने 'लिब्बा' हे नाव दिले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले.

हे घर साधे नव्हते. रूथ क्रॉफर्ड सीगर या आधुनिक पाश्चात्त्य संगीतातल्या महत्त्वाच्या रचनाकार होत्या. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, १९३० साली. पुढे त्यांनी लोमॅक्स पितापुत्रांनी जमवलेल्या लोकगीतांचे अत्यंत काटेकोर स्वरलेखन केले. पती चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, मुले माइक आणि पेगी पुढे स्वतः नामवंत वादक-गायक झाली, सावत्र भाऊ पीट सीगर. ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून लोकगीते कागदावर उतरवण्याचे काम ज्या घरात चालत होते, त्याच घरात स्वयंपाक आणि इस्त्री करणाऱ्या बाईंच्या बोटांत ती परंपरा जिवंत होती आणि घरातल्या माणसांना काही काळ त्याचा पत्ता नव्हता. कॉटन भिंतीवर टांगलेली गिटार काढून एकट्याने वाजवत असताना पेगीने ते ऐकले, तेव्हा उलगडा झाला.

सीगरांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. माइक सीगर यांनी पुढे जे केले ते निष्ठेचे काम होते. १९५७-५८ मध्ये त्यांनी कॉटन यांच्या घरी टेपवर ध्वनिमुद्रण केले आणि १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने ते प्रसिद्ध केले. त्या वेळी कॉटन पासष्टीच्या होत्या. माझा आक्षेप 'शोध लागला' या कथनाच्या चौकटीला आहे. १९६० च्या दशकात ब्लूजचे संग्राहक जुन्या तबकड्यांवरची नावे घेऊन दक्षिणेत वादकांना शोधत फिरत होते. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ मध्ये मुद्रण केले होते म्हणून १९६३ मध्ये त्यांना कोणी शोधू शकले. कॉटन यांची तबकडीच नव्हती, त्यामुळे त्यांना शोधायला कोणी निघणे शक्यच नव्हते. ब्लूजचा इतिहास बराचसा तबकड्यांच्या आधाराने लिहिला गेला, आणि तबकडी कंपन्यांच्या मुद्रणापर्यंत पोहोचणाऱ्या गिटारवादकांत पुरुष बहुसंख्य होते. घरात वाजवणाऱ्या बायका त्या इतिहासातून गळाल्या. याच राज्यातल्या एटा बेकर यांचे उदाहरण इथे एका वाक्यात घ्यावे: त्या लहानपणापासून गिटार वाजवत, पण मुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाले ते १९५६ मध्ये, वयाच्या त्रेचाळिशीत, आणि त्यानंतरही त्या अनेक वर्षे कापडगिरणीत काम करत राहिल्या.

१६ फेब्रुवारी २०२५

'स्वयंशिक्षित' या कल्पनेला आवश्यक ती मर्यादा घालणारा भाग आज लिहिला, आणि मला तो सर्वांत आवडला.

पहिल्या अल्बममध्ये 'व्हॅस्टोपोल' आणि 'स्पॅनिश फ्लँग डँग' अशा दोन वाद्यरचना आहेत. दोन्ही मोकळ्या जुळणीत आहेत, म्हणजे काहीही न दाबता तारा छेडल्या तर कॉर्ड वाजते: पहिली डीची, दुसरी जीची. या रचनांची मुळे थेट एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणखान्यांत जातात. हेन्री वॉरल नावाच्या गिटारशिक्षकाने 'सेबॅस्टोपोल' आणि 'स्पॅनिश फँडँगो' या नावांच्या, हौशी वादकांसाठीच्या रचना छापल्या होत्या. पहिल्या रचनेचे नाव क्रिमियन युद्धातल्या वेढ्यावरून आलेले आहे. छापील कागद सधन घरांसाठी होता, पण त्यातली जुळणी आणि हाताची ठेवण स्वयंपाकघरांतून, ओसऱ्यांवरून पसरली, आणि दोन पिढ्यांनंतर स्वरलिपी न वाचणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलीच्या हातात पोहोचली. त्याच अल्बममध्ये 'विल्सन रॅग' आहे, त्यात अमेरिकेच्या आग्नेयेकडील पीडमाँट प्रदेशाला आवडणारी रॅगटाइमची उडती लय आहे. आणि चर्चच्या भजनांची सरळ, संथ चालही इतरत्र ऐकू येते.

यावरून काय दिसते? कॉटन यांना कोणी शिकवले नाही हे खरे, पण त्यांच्या बोटांत एकट्या त्यांचे असे काही नव्हते. होते ते सगळ्या परिसराचे. त्यांची स्वतःची भर वाद्य धरण्याच्या पद्धतीत आणि त्यातून आलेल्या नादाच्या तोलात होती, आणि जुन्या साच्यांत नवी गाणी रचण्याच्या कसबात. त्यांना नुसते 'पीडमाँट ब्लूज'च्या कप्प्यात टाकणे मला अपुरे वाटते. बारा मापांच्या आवर्तनात फिरणारा, तीन ओळींचा ब्लूज त्यांच्याकडे थोडाच आहे. दिवाणखान्यातले तुकडे, रॅग, भजने, नाचाच्या चाली आणि स्वतःची गाणी हाच मोठा भाग आहे.

२३ फेब्रुवारी २०२५

श्रेयाचा प्रश्न. पेगी सीगर १९५० च्या दशकाच्या मध्याला इंग्लंडला गेल्या आणि तिथे 'फ्रेट ट्रेन' गाऊ लागल्या. त्या काळात ब्रिटनमध्ये स्किफलची लाट होती: स्वस्त गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी, चहाच्या पेटीचा खर्ज आणि अमेरिकन लोकगीते. चास मॅकडेविट यांच्या गटाने नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात हे गाणे मुद्रित केले आणि १९५७ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. तबकडीवर रचनाकार म्हणून दोन वेगळीच नावे होती. कॉटन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये घरकाम करत होत्या आणि त्यांचा स्वतःचा पहिला अल्बमही अजून निघायचा होता. सीगर कुटुंबाने प्रश्न लावून धरल्यावर पुढे कॉटन यांचे नाव रचनाकारांत आले.

दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. हे गाणे हिरावले गेले, आणि त्याच वाटेने ते एका अख्ख्या पिढीच्या हाती पडले. लिव्हरपूलमधल्या मुलांच्या ज्या स्किफल गटातून पुढे बीटल्स निघाले, त्यांच्याही वादनात ते होते. पण प्रसाराने अन्यायाची भरपाई होते असा सूर मजकुरात कुठेही उमटू द्यायचा नाही. पहिल्या मसुद्यातल्या एका वाक्यात तो डोकावत होता. ते वाक्य गेले.

२ मार्च २०२५

'शेक शुगरी' फक्त एकदा ऐकवायचे, विवेचन थोडके. १९६७ च्या दुसऱ्या अल्बमचे हे शीर्षकगीत कॉटन यांनी स्वतः गायलेले नाही. त्यांची बारा वर्षांची पणती ब्रेंडा इव्हान्स गाते आणि त्या साथ करतात. एकेक वस्तू गहाण पडत जाण्याची ही यादी पणतवंडांबरोबर कडवे-कडवे जोडून झाली. साथ अशी आहे की मुलीच्या आवाजाला कुठेही धक्का लागत नाही. साथ कशी करावी यासाठी विद्यार्थ्यांना याहून चांगला धडा मी दाखवू शकत नाही.

९ मार्च २०२५

विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटासमोर पाठाची चाचणी घेतली. एकाने विचारले की ही तर ट्रॅव्हिस पद्धत आहे, मग कॉटन यांचे त्यात वेगळे काय? प्रश्न रास्त होता. आलटून-पालटून खर्जाचा ठेका आणि वर तुटक सुरावट, या वादनाला आज शिकवण्यांमध्ये सर्रास केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस यांचे नाव दिले जाते. ट्रॅव्हिस थोर वादक होते यात वाद नाही, पण त्यांचा जन्म १९१७ चा. 'फ्रेट ट्रेन' त्याआधी सुमारे दहा वर्षे रचले गेले. ही पद्धत त्या दोघांचीही नाही, ती त्यांच्या आधीच्या अनेक कृष्णवर्णीय वादकांनी घडवली. तरीही शिकवण्यांत 'फ्रेट ट्रेन' हा ट्रॅव्हिस पद्धतीचा सोपा सराव म्हणून छापला जातो तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी पुसल्या जातात: रचनाकाराचे नाव आणि सुरावट अंगठ्यात असण्याचा सगळा हिशेब.

मग गटाला दोन्ही तऱ्हांनी वाजवायला सांगितले: आधी खर्ज ठळक, मग खर्ज जेमतेम ऐकू येईल इतका हलका आणि सुरावट भरीव. दुसऱ्या खेपेला लय आपोआप सैलावली, कारण अंगठ्याने ठेका आपटण्याची सवय सुटताच खर्ज चालू लागला, तो धावेना. ज्यांच्या हाताला हे जमले नाही त्यांच्या कानाला तरी फरक कळला. प्रभाव म्हणतात तो असा हातोहात पुढे जातो, आणि शिकणाऱ्याला नाव माहीत असो वा नसो, तो पोहोचतोच. नाव सांगणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

प्रभावाची प्रसिद्ध उदाहरणे पाठात थोडक्यात घेतली आहेत: पीटर, पॉल अँड मेरी यांनी १९६३ मध्ये 'फ्रेट ट्रेन' मुद्रित केले, जेरी गार्सिया यांनी ग्रेटफुल डेड या रॉक गटाच्या, विजेविना वाद्यांच्या कार्यक्रमांत 'ओ बेब इट एंट नो लाय' गायले, बॉब डिलन यांनी १९९० च्या दशकात त्यांची गाणी मंचावर घेतली, नॉर्थ कॅरोलायनाच्याच रिआनन गिडन्स यांनी २०१५ च्या अल्बममध्ये 'शेक शुगरी' घेतले. यांपैकी गिडन्स यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी गाणे घेताना त्यामागची परंपराही मोठ्या जाणिवेने पुढे नेली.

१६ मार्च २०२५

शेवटची वर्षे. १९६० मध्ये स्वॉर्थमोर कॉलेजात माइक सीगर यांच्यासोबत पहिला जाहीर कार्यक्रम. मग न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव, दौरे, १९७९ मध्ये तिसरा अल्बम. १९७८ पासून वास्तव्य न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये. त्या शहराने एका उद्यानाला त्यांचे नाव दिले. १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा शिष्यवृत्ती, आणि १९८५ मध्ये थेट कार्यक्रमांच्या अल्बमसाठी ग्रॅमी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. २९ जून १९८७ रोजी निधन. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये आरंभीच्या प्रभावांच्या गटात, हॅरी बेलाफाँटे यांच्यासोबत, समावेश.

पुरस्कारांपेक्षा तो थेट मुद्रणाचा अल्बम अधिक वेळ मागतो. त्यात त्या गाण्यांइतक्याच रंगून गोष्टी सांगतात, श्रोत्यांना गायला लावतात आणि आवाज कमी पडला तर पुन्हा गायला सांगतात. आवाज वयाने चिरलेला आहे. बोटे पूर्वीइतकी चपळ नाहीत. पण सुरावट आणि खर्ज यांचा तोल १९५८ च्या मुद्रणात होता तसाच आहे. हे दोन तुकडे, 'फ्रेट ट्रेन'चे दोन वेळचे, एकामागून एक ऐकवायचे ठरवले. मध्ये निवेदन नको.

२२ मार्च २०२५

टॅबच्या पानांचे मथळे आज पक्के केले. प्रत्येक पानावर रचनाकाराचे नाव, पहिल्या मुद्रणाचे वर्ष, जुळणी, आणि तारांची दिशा दाखवणारे छोटे रेखाचित्र असेल. 'व्हॅस्टोपोल' आणि 'स्पॅनिश फ्लँग डँग'वर 'पारंपरिक, एलिझाबेथ कॉटन यांच्या वादनानुसार' असे लिहायचे. 'फ्रेट ट्रेन'वर 'पारंपरिक' हा शब्द कुठेही येता कामा नये. स्वरलेखन फक्त वर्गात वापरायचे आहे, तरी रचनेचे हक्क अजून अस्तित्वात असल्यामुळे पाने बाहेर वाटायची नाहीत, अशी सूचनाही तळाशी टाकली.

गटातल्या एका डावखुऱ्या मुलीने आजवर उजव्या हातानेच वाजवायचा सराव केला आहे. तिने उलट्या तारांची पाने मागितली. तिच्यासाठी 'विल्सन रॅग'चा पहिला भाग फक्त कॉटन यांच्या बोटांच्या खुणांसह वेगळा उतरवत आहे. पुढच्या आठवड्यात तो तिच्याकडून वाजवून घेतल्यावरच त्या पानातल्या तर्जनी आणि मध्यमेच्या खुणा कायम करायच्या आहेत.